पहिल्या रांगेतला दगड

९ एप्रिल

लव्हॉन,

पाकिटावर तुझं अक्षर बघून वाटलं, मर्व्हिन गेला. उघडून बघते तर तो अजून आहे, आणि तुला कबरीच्या दगडावरचं माझं नाव घासून काढायचंय. इतक्या वर्षांत धाकट्या बहिणीला थोरलीची आठवण झाली ती अशी. असो. निदान कारण तरी खरं सांगितलंस.

त्या मिस्टर ऑझगूडला मी पाठवलं असं तुझं म्हणणं. मी कशाला पाठवू? शाळेतून निवृत्त झालेला माणूस, बायको वारलेली, दिवस जाता जात नाही. आपल्या काउंटीतले पुढारी कुठे कुठे पुरलेत ते शोधत हिंडतो आणि दर आठवड्याला पेपरात छापतो. मी माझ्या पोराच्या, लायलच्या दगडाभोवतीचं गवत कापायला निघाले होते, तर म्हणाला, मीही येतो. ये म्हटलं.

"बाई, तुमच्याकडचे सगळे निवडून आलेले लोक फाटकाजवळच कसे?" त्यानं विचारलं.

"तिथून रस्ता दिसतो," मी म्हटलं. "आणि रस्त्यावरून ते दिसतात."

"म्हणजे पद्धतच आहे म्हणा."

"पद्धत कसली, खोड आहे. हा जज श्टूर बघा. ज्यांना यानं तुरुंगात घातलं ते मागे ओढ्याकडे पडलेत, आणि हा इथे खांब लावून उभा. शेजारी शेरीफ. जिवंतपणी दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

हसला बिचारा. मग आमच्या दगडापाशी आला, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "टेल्कॅम्प. मर्व्हिन. आर्डिथ. हे सिनेटर कधी वारले?"

"अजून यायचेत," मी म्हटलं.

त्यानं जे वाचलं ते छापलं. 'सिनेटर टेल्कॅम्प यांची जागा तयार असून शेजारी पत्नी आर्डिथ यांचं नाव आहे.' त्यात खोटं काय? दगडावर तेच आहे. आपल्याकडचे लोक तसे घाईचेच. संसार जरा जुना झाला की जोडदगड करून मोकळे. नाव, जन्मसाल, आडवी रेघ, पुढे कोरी जागा. नवरा मेव्हणीबरोबर गेला तर त्या रेघेचं काय करायचं, हे दगड घडवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

तू लिहितेस, मर्व्हिनचे थोडेच दिवस उरलेत आणि त्याच्या शेजारी तुझंच नाव हवं. हवं ना. पण जागा माझ्या नावावर आहे. घटस्फोटात जजनं त्याला शेत दिलं, ट्रक दिला, मला घर आणि ती कबरीची जागा दिली. कोर्टात लोक हसले होते. तूही हसली होतीस, मागच्या बाकावर बसून.

तेव्हा आता माझं ऐक. नाव पुसायला मी हो म्हणेन. मला त्या माणसाच्या शेजारी पडायची हौस नाही. पण त्याआधी लायलला तिथून काढून मागच्या कोपऱ्यात पपांच्या शेजारी परत न्यायचं, जिथे मी त्याला पहिल्यांदा ठेवलं होतं. ती त्याची जुनी जागा अजून तशीच रिकामी आहे आणि तिच्या पलीकडे एक जागा माझ्यापुरती. मी बाहत्तर वर्षांची आहे, डॉक्टर माझं हृदय ऐकून मान हलवतो. मला माझ्या पोराजवळ झोपायचंय. दुसरं काही नको. पोराची पेटी हलवायला हल्ली आईची सही लागते आणि बापाचीही. मर्व्हिनचा हात चालतोय तोवर सही घे आणि पाठव. मग बोलव तुझ्या छिन्नीवाल्याला.

आर्डिथ

ता. क. त्याला मांस पचत नसेल तर कॉर्नब्रेड गरम दुधात कुस्करून दे. आजारपणात तेवढंच त्याच्या पोटात राहतं.

२४ एप्रिल

लव्हॉन,

पुन्हा फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, आणि रडणाऱ्या माणसाशी मला भांडता येत नाही. हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. जे असेल ते लिही.

आणि हे काय लिहिलंस? 'पोराला आता शांत पडू दे, त्याची पेटी उकरणं देवाला आवडणार नाही, मर्व्हिन सही करायला तयार नाही.' आवडणार नाही म्हणे. मग त्या वर्षी देव कुठे गेला होता?

विसरली असशील तर आठवण करून देते. मर्व्हिन पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा समोर युद्धात पाय गमावून आलेला माणूस होता. त्याच्याकडे पदकं होती. मर्व्हिनकडे काय होतं? मक्याच्या दाण्यांनी भरलेल्या गाडीत बुडून मेलेलं सहा वर्षांचं पोर. पित्ताशय काढायला मला ओमाहाच्या इस्पितळात नेलं होतं. परत आले, डेकोरेशन डेला, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, पिओनीच्या फुलांचे डबे घेऊन मागच्या कोपऱ्यात गेले, तर लायलचा दगड जागेवर नाही. पपांच्या शेजारी नुसतं गवत. मी वेड्यासारखी इकडेतिकडे बघत राहिले. मग मर्व्हिननं माझा दंड धरला आणि पहिल्या रांगेत आणलं. नवाकोरा जोडदगड, त्यावर माझं नाव, आणि पायाशी लायलचा तो लहानसा, वर मेंढरू कोरलेला दगड, भोवती ताजी उकरलेली माती.

"इथे तो सगळ्यांना दिसेल, आर्डी," तो म्हणाला. "आपण तिघं एकत्र राहू."

लोक हॅट काढून उभे होते. बायका डोळे पुसत होत्या. तू त्याच्या प्रचाराच्या पाट्या रंगवायचीस, तूही तिथे होतीस, निळ्या ड्रेसमध्ये. सगळी काउंटी त्या दिवशी फाटकातून आत येते आणि पहिल्या रांगेवरून पुढे जाते. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मी तोंडातून शब्द काढला नाही. टाके ओले होते आणि सगळे बघत होते. नोव्हेंबरात तो निवडून आला.

म्हणून मला देवाच्या गोष्टी सांगू नकोस. एकदा मतांसाठी त्याला उकरलं, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. आता त्याच्या आईसाठी उकरायचं म्हटलं की तुम्हा दोघांना एकदम धर्म आठवतो. मर्व्हिनला सांग, सहीशिवाय माझं नाव दगडावर राहील आणि तुला त्याच्याजवळ टीचभर जागा मिळणार नाही. त्याला सौदे कळतात, हाही कळेल.

कॉर्नब्रेडचं तू काही लिहिलं नाहीस.

आर्डिथ

६ मे

लव्हॉन,

तुझा निरोप पास्टरांकडून कळला. झोपेत गेला हे बरं झालं. तुला त्रास झाला असेल. मी हे मनापासून लिहिते आहे, पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

त्याला त्याच्या जागेत ठेवायला माझी हरकत नाही, असं मी कबरस्तानाच्या मंडळाला काल सकाळीच कळवलं. त्याचं नाव कोरलेलं आहे, तो तिथेच जायचा. तुझ्या नावाचं मात्र बोलणं झालेलं नाही, ते तसंच आहे. हे सगळं तुला लिहायला मी टेबलाशी बसले होते, तेवढ्यात लॉनी टेबीचा फोन आला. काउंटीच्या कबरी तोच खणतो.

"बाई, तुमच्या पोराची पेटी नक्की कुठल्या बाजूला आहे?"

"मेंढराच्या दगडाखाली. सिमेंटच्या खोक्यात लाकडी पेटी. का रे?"

"शेजारी खणताना धक्का लागू नये म्हणून सळई टोचून बघतो मी आधी. लागत नाही."

"खोल गेली असेल."

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही इकडे येता का?"

मी अ‍ॅप्रन तसाच ठेवून गाडी काढली. लॉनी टोपी हातात धरून उभा होता. त्यानं माझ्यादेखत चार-पाच ठिकाणी सळई घातली, दगडाच्या पुढे, मागे, खाली. आत जात राहिली, कशालाही अडली नाही. मर्व्हिनच्या खड्ड्याची कड त्यानं मला दाखवली, लायलच्या बाजूची.

"ही माती कुणी कधी खणलेली नाही," तो म्हणाला. "वर काळी, खाली पिवळी, मध्ये सरळ रेघ. एकदा खणलं की दोन्ही मिसळतात, पुन्हा वेगळ्या होत नाहीत. इथे कुणी नाहीये, बाई. कधीच नव्हतं."

"तू चुकतोयस."

"चुकलो असतो तर बरं झालं असतं."

मला तेव्हा काय झालं ते मी सांगू शकत नाही. त्यानं मला जज श्टूरच्या पायरीवर बसवलं आणि थर्मासमधली कॉफी दिली. मग मी म्हटलं, चल मागे. तो काही न विचारता आला.

मागच्या कोपऱ्यात पपांच्या दगडापासून दोन हात सोडून त्यानं सळई घातली. टक् झालं. थोडी बाजूला घातली, पुन्हा टक्. मग चारी कोपरे शोधून त्यानं गवतात चार खुणा केल्या.

"लहान आहे," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून ट्रककडे गेला.

लव्हॉन, तो तिथेच आहे. त्याला कुणी हलवलंच नव्हतं. फक्त दगड हलवला होता.

आता मला एक सांग. पस्तीस वर्षं मी दर रविवारी कुणाजवळ बसले? कात्रीनं कुणाभोवतीचं गवत कापलं? वाढदिवसाला कुणाला सांगत होते की तू आज वीस वर्षांचा झालास, आज तीस? आणि पपा-ममांना डबे ठेवायला वर्षातून एकदा मागे जायचे तेव्हा पाय कुठे ठेवायचे, माहीत आहे? त्या चार खुणांच्या मधोमध. मी माझ्या पोरावर उभी राहून आईबापाला फुलं वाहत होते.

मर्व्हिन सही का करत नव्हता ते आता कळलं. पेटी उकरायला गेलो असतो तर सगळ्या काउंटीसमोर खाली काहीच निघालं नसतं. पण सही नको, देव रागावेल, हे सगळं मला लिहीत होतीस तू. तुझ्या अक्षरात होतं.

तुला ठाऊक होतं का? शनिवारी दफन आहे. तिथे मी येणार आहे. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर घेऊन जाणार आहे.

आर्डिथ

१२ मे

लव्हॉन,

शनिवारी दफनानंतरच्या जेवणाला चर्चच्या तळघरात मी आवाज चढवला नाही. शेजारच्या खोलीत लोक होते, राजधानीतून आलेले ते सूटवाले होते, आणि प्रत्येक जण उठून मर्व्हिन किती मोठा होता ते सांगत होता. मेल्या म्हशीला मणभर दूध. एक जण म्हणाला, या माणसानं आपलं दुःखसुद्धा लोकांसमोर उघडं ठेवलं. मी पावात हॅम भरत होते, माझा हात थांबला. तू शेजारी उभी राहून जेलीचे तुकडे करत होतीस.

जे बोलणं झालं ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुला असं म्हणता येणार नाही की आर्डिथनं भलतंच ऐकलं.

मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

तू म्हणालीस, "आर्डी, आज नको."

"मग कधी? मीही गेल्यावर?"

तू सुरी खाली ठेवलीस. "पेटी हलवायचा परवाना वेळेत येईना. डेकोरेशन डे तोंडावर आला होता, पेपरवाला फोटो काढायला येणार होता. मर्व्हिन म्हणाला, आत्ता नुसता दगड हलवू, निवडणूक संपली की पोरालाही आणू. खरंच आणणार होता तो."

"त्यानंतर तो पाच वेळा निवडून आला."

"दर वेळी म्हणायचा, आता उकरलं तर लोक विचारतील."

"आणि ती ताजी माती? मी स्वतः बघितली होती."

तू खाली बघत होतीस. "ती मी उकरली होती. खणल्यासारखं दिसावं म्हणून."

मिसेस ग्रोसमन कॉफीची किटली घेऊन आली, आपल्या दोघींकडे बघून म्हणाली, किती छान, शेवटी दोघी बहिणी एकत्र आल्या. आपण दोघींनी तिला हसून दाखवलं. ममानं तेवढं चांगलं शिकवलं होतं.

ती गेल्यावर मी विचारलं, "लग्न मोडल्यावर तरी का नाही सांगितलंस? तेव्हा तुझं काय जाणार होतं?"

आणि तू म्हणालीस, "मी एकदा गाडीतून जाताना तुला बघितलं. घडीच्या खुर्चीवर बसून तू त्या दगडाशी बोलत होतीस. किती शांत दिसत होतीस. तुझं सगळं तर मी घेतलंच होतं, आर्डी. तेही कसं घेऊ?"

या वाक्यावर मी दोन रात्री जागले. तू खोटं बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं. पण मला वाटतं तू खरं बोललीस. माझा नवरा नेताना तुला दया आली नाही, मला रिकाम्या जमिनीशी बोलताना बघून आली. अशी दया मी वैऱ्याच्या वाट्यालाही मागणार नाही. एक शब्द सांगितला असतास तर मी त्या रविवारीच मागे जाऊन त्याच्याजवळ बसले असते. हे मी तुला माफ करू शकत नाही. प्रयत्नही करणार नाही, पास्टर काहीही म्हणोत.

आता कामाचं. लॉनीनं काल मेंढराचा दगड मागे नेऊन चार खुणांमध्ये बसवला. त्याच्या पलीकडची जागा मी मंडळात माझ्या नावावर लिहून घेतली. मी लायलजवळ जाईन, ठरलं. मंडळातल्या लोकांनी कारण विचारलं, मी सांगितलं. मिस्टर ऑझगूडही तिथे होते, त्यांनी वही मिटून खिशात टाकली आणि म्हणाले, बाई, हे मी छापणार नाही. मी म्हटलं, तुमची मर्जी.

तुला मर्व्हिनच्या शेजारची जागा हवी होती. ती तुला दिली. सोबतच्या कागदावर माझी सही आहे. मी पैसे मागत नाही, अट घालत नाही. त्याच्याबरोबर तूच झोपायला हवीस, त्यात अन्याय काही नाही.

दगड मात्र मी देत नाही. तो माझा आहे आणि त्यावरचं नाव तसंच राहील. मी गेले की रेघेपुढे माझं सालही त्यावर कोरायचं, अशी तजवीज मी केली आहे, आणि मंडळानं ती लिहून घेतली आहे. तुझ्या नावाचा वेगळा दगड पहिल्या रांगेत लावता येत नाही, एका जागेवर एकच दगड, हा नियम मर्व्हिननंच पुढे काउंटीचा कमिशनर असताना केला होता.

तेव्हा तू तिथे जाशील, आणि दर डेकोरेशन डेला सगळी काउंटी फाटकातून आत येईल. लोक दगड वाचतील, 'आर्डिथ, बिचारी' म्हणतील आणि माझ्यासाठी आणलेली फुलं तुझ्यावर ठेवून जातील. तुझ्याशी कुणी बोलणार नाही. तू तिथे आहेस हे कुणाला ठाऊकच नसेल.

लायलनं हे पस्तीस वर्षं सोसलं. तुला किती सोसावं लागेल ते मला माहीत नाही.

तुझी बहीण,
आर्डिथ टेल्कॅम्प